नांदतंय का नीट?

गेले पंधरा दिवस मी आमच्या घरात 'माफी मागितलेला माणूस' म्हणून वावरतो आहे. कशाबद्दल मागितली ते मला ठाऊक नाही. बायकोलाही नसावं. पण माफी एकदा जमा झाली की पावती कोण बघतं?

झालं एवढंच, की साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या गणपतीचे दहा दिवस स्पीकरच्या भिंती सोसल्यावर मला एकांताची तहान लागली. मोबाइलला हे बरोबर कळतं. दुसऱ्याच दिवशी त्याने जाहिरात दाखवली : 'घनदाट जंगलात पारंपरिक झोपडी. माणसांपासून दूर, स्वतःच्या जवळ.' रात्रीचे ३,५०० रुपये. मी दोन रात्रींचे आगाऊ भरले. बायको म्हणाली, "स्वतःच्या जवळ जायचंय ना, मग मी कशाला मध्ये?" आता हे भांडण नव्हे. आमच्याकडे याला बोलणं म्हणतात.

यवतेश्वराचा घाट, मग कास. हे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून सप्टेंबरात फुलांआधी गाड्याच मोजून होतात. बामणोलीला लाँच धरली, शिवसागर ओलांडला आणि पाऊण तास चढलो. झोपडी होती. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा, आत एक खाट आणि 'डिजिटल उपवास' अशी पाटी. आमच्या आजोळी अशा खोपटात म्हैस असायची. ती भाडं देत नसे.

चूल पेटवायला घेतली. लाकडं ओली. फुंकून फुंकून डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक गळत होतं, आणि नेमका त्याच वेळी दारात एक म्हातारा उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात कोयता. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत राहिला.

"पाव्हणं, एकलंच?"

"हो."

"मंडळी?"

"घरी."

"मग हितं कशापायी?"

"एकांतासाठी."

म्हाताऱ्याची तंबाखू मळायची थांबली. माझ्या डोळ्यांकडे त्याने पुन्हा एकदा नीट पाहिलं, कोयता बाहेर ठेवला आणि उंबऱ्यावर बसला. कसा? तर मयताच्या घरी बसतात तसा.

"व्हतं असं," तो हळूच म्हणाला. "भांड्याला भांडं लागतंच."

"आबा, भांडण नाही झालं."

"न्हाई झालं," आबांनी लगेच मान्य केलं. वेड्याशी वाद घालू नये हे त्यांना माहीत असावं.

मग ते सांगू लागले. चाळीस वर्षं त्यांनी मस्जिद बंदरला गोणी वाहिल्या. जावळी-पाटणची खोरी अशीच मुंबईत माथाडी म्हणून उतरली. माथाडी कायदा १९६९ चा. आबा त्याच्याच आगंमागं डोक्यावर पोतं घेऊन उभे राहिले. "एका गाळ्यात बावीस मानसं. पाय पसरायचा तर शेजारच्याला इचारून. कूस बदलायची तर समद्यांनी मिळून." आबांना आजतागायत एकटं झोपायची सवय नाही. त्याआधी जी काही शेती होती ती कोयनेच्या पाण्याखाली. आता गावात अकरा माणसं, त्यातली नऊ सत्तरीपुढची. पोरं वाशीला, नातवंडं कोपरखैरण्याला. "एकांत म्हनता? वर ढिगानं पडलाय. न्या की. पैसं कशाला देताय?"

किती दिले, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आबांनी तंबाखू थुंकली.

"रातीचं?"

"रात्रीचे."

"ह्या खोपटाचं?"

यावर मला बोलता येईना, कारण प्रश्न बरोबर होता. झोपडीचा मालक पुण्यात. गावाला यातून मिळतं काय, तर लाकडाच्या मोळीचे पन्नास आणि हंडाभर पाण्याचे वीस. पाण्याने आधी माणसं उठवली. मग २०१० साली हा सगळा मुलूख व्याघ्र प्रकल्पात गेला, त्यामुळे उरलेल्यांनी काटकी तोडायचीही चोरी. आणि अशी रिकामी झालेली जागा आता 'माणसांपासून दूर' म्हणून मला विकली जाते. मीही ती घेतो. वर पावसाळी सवलत नाही म्हणून कुरकुरतो. (नव्हतीच. विचारलं होतं.)

तेवढ्यात पोटरीला काहीतरी थंड लागलं. पँट वर केली तर जळू. चांगली तर्जनीएवढी, पिऊन टम्म. मी जे ओरडलो त्याला शब्द नव्हते. आबांनी शांतपणे मळलेली तंबाखू तिच्या तोंडाशी चोळली. जळू आखडली, गळून पडली. रक्त मात्र थांबेना. आबा ते पाहून म्हणाले, "रगत बी पातळ झालंय. काळजीनं व्हतं."

रेंज कुठे येते विचारलं. गावात देवळापुढच्या पारावर एक धोंडा आहे, त्यावर उभं राहिलं की एक काडी येते. माझा पाय रक्ताळलेला, बाहेर अंधारून आलेलं. मी चिठ्ठीवर बायकोचा नंबर लिहून दिला. "पोचलो, बरा आहे. एवढंच सांगा."

एवढंच! आबांनी तिला सांगितलं ते मला घरी आल्यावर कळलं : "बाई, मानूस वाईट न्हाई. चुकलं म्हनतोय. लई रडत व्हता. रगत बी गेलंय. आता तुमीच मोठ्या मनानं घ्या."

तोवर गावभर झालं होतं. अकरातली सात माणसं अंधारात कंदील घेऊन उतरली. एका काकींनी नाचणीची भाकरी आणि बोंबलाची चटणी आणली, समोर बसून खायला लावली आणि भाकरी मोडून देता देता मला बायकोच्या जातीला समजून घेण्याबद्दल सांगितलं. भाकरी गरम होती, कडेला जरा करपलेली. इतकं चांगलं मी त्या महिन्यात जेवलो नव्हतो, आणि याचाच राग जास्त आला. चिडावं तर तोंडात घास.

सगळे गेले. आबा गेले नाहीत. "तुमास्नी एकलं सोडायचं न्हाई असं ठरलंय," म्हणाले आणि ओसरीत घोंगडी पसरली. मध्यरात्री कुडाबाहेर घुर्र असा आवाज आला. गवाच असणार म्हणून मी खाटेवर उभा राहिलो. आबा घोरत होते. मग जागे झाले आणि झोप येत नाही म्हणून १९६७ च्या भूकंपाची रात्र सांगायला लागले. डिसेंबरची ११ तारीख, पहाटेची वेळ, पत्रे वाजायला लागले, गोठ्यातली जनावरं दावी तोडून पळाली. ती गोष्ट साडेचारला संपली. दुसऱ्या रात्रीही आबा होते. ७,००० रुपयांत मला सलग दहा मिनिटं मिळालेला एकांत म्हणजे परसाकडचा, आणि तिथेही बाहेरून खाकरणं ऐकू यायचं.

निघताना मी शंभराची नोट पुढे केली. आबांनी हात मागे घेतला. "संसार करा," म्हणाले.

आता दर गुरुवारी, गावातलं कुणी बाजाराला उतरायचं असलं की, आबा आधी धोंड्यावर चढून फोन लावतात. मला नाही, तिला. कालही आला. मी ओट्याशी भांडी विसळत होतो, हे काम माफीनंतर माझ्याकडे आलं आहे. ती हॉलमध्ये वीस मिनिटं हसत होती.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"नांदतंय का नीट, विचारत होते. मी म्हटलं, सुधारतोय."

"आणि?"

"आणि म्हणाले, एकटं कुठं सोडू नका."