‘बेन-हर’मधली वल्ही, रथ आणि कापलेला पडदा

नमस्कार. 1959च्या ‘बेन-हर’ या चित्रपटावर तुमचे तीन आक्षेप आहेत: इतिहास खोटा, रथांची शर्यत टीव्हीवर ‘नुसती धूळ’, आणि साडेतीन तास सोसवत नाहीत.

वल्हेकऱ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे: चित्रपटात दाखवलेत तसे ते साखळदंडातले कैदी नसत. रोमन आरमारात वल्ही मारणारे सहसा पगारी, स्वतंत्र लोक असत. ऑक्टेव्हियनने (पुढचा सम्राट ऑगस्टस) गरजेपोटी 20,000 गुलाम वल्ह्यांवर बसवले, तेही आधी मुक्त करून. साखळदंडातले कैदी 1880च्या मूळ कादंबरीतून पडद्यावर आले. तरीही वल्ही मारण्याचा तो प्रसंग कानांनी पाहा. हातोड्याचा ठोका टप्प्याटप्प्याने वाढतो, मिक्लोश रोझाचं संगीत त्या ठोक्यालाच बांधलेलं आहे. संवाद जवळजवळ नाहीत, आणि माणसं कोसळू लागतात तेव्हा आपलाही श्वास अडकतो.

शर्यतीतल्या चुका तुम्ही उलट कमीच मोजल्यात! खरे रोमन सारथी लगाम कमरेला गुंडाळत, अंगाच्या झोकाने घोडे वळवत आणि पडल्यावर फरफट होऊ नये म्हणून लगाम कापायला सुरी बाळगत. इथे लगाम हातात आहेत. खरे रथ हलके असत, इथले जड. फेऱ्या सात असत, इथे नऊ. पण फेऱ्या मोजणाऱ्या डॉल्फिनच्या आकृती अस्सल आहेत: रोमन सेनानी अग्रिप्पाने इ.स.पू. 33मध्ये त्या रोमच्या सर्कस मॅक्सिमस या शर्यतीच्या मैदानात बसवल्या होत्या.

माझं कौतुक आहे ते वजनाचं. रोमच्या चिनेचित्ता या फिल्म स्टुडिओत सुमारे 18 एकरांवर उभारलेलं मैदान आणि चार-चार खरे घोडे जुंपलेले रथ. अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांनी ही शर्यत चित्रित केली. बेन-हरचा रथ मोडक्या रथावरून उडतो तेव्हा याकिमाचा मुलगा, स्टंटमन जो कनट, पुढे फेकला जातो. ते ठरलेलं नव्हतं. तो बचावला, शॉट ठेवला गेला आणि नायक चार्ल्टन हेस्टन पुन्हा रथात चढतानाचा जवळचा शॉट त्याला जोडला. शिवाय शर्यत सुरू झाली की संगीत पूर्ण बंद: फक्त टापा, चाकं, चाबूक आणि गर्दी.

आता धुळीबद्दल. तुम्ही बहुधा कापलेली प्रत पाहिलीत. मूळ चौकट 2.76:1 आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या 2.76 पट. 16:9च्या टीव्हीवर योग्य प्रत फक्त सुमारे 64 टक्के उंची व्यापते, वर-खाली काळे पट्टे राहतात. पडदा पूर्ण भरला असेल तर कडांची मिळून एक तृतीयांशाहून जास्त रुंदी गेली समजा. दोन रथ शेजारी आले की आठ घोडे होतात. कडेचे घोडे कापले की कोण कोणाला दाबतंय तेच कळत नाही. टीव्हीचं ‘झूम’ बंद करा, आणि टापा व गर्दी सपाट करणारा ‘नाइट मोड’ही.

212 मिनिटं एका बैठकीत संपवायलाच हवीत असं नाही. मध्यंतर चित्रपटातच आहे, तिथे थांबा. शर्यत त्यानंतर येते, म्हणजे ती ताज्या डोळ्यांनी पाहता येईल.