‘किनारा साफ करून काय उपयोग?’ असं विचारणाऱ्या संदेशाला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे बदलतात, म्हणणं तेच. किनारे वाचवायला निघालेले लोक कचरा उचलतात आणि पुढच्या भरतीला तो परत येतो. समुद्र अफाट आहे, आपली घाण तो आपोआप जिरवतो. कोळ्यांचा विरोध भरपाईपुरता असतो. किनारा खचत असेल तर भिंत बांधावी. आणि कायदा आहे, सरकार आहे, गावकऱ्यांनी त्यात पडू नये. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला यातलं काहीच पटलेलं नाही. का, ते एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

‘कचरा परत येतो.’ येतो, खरं आहे. मुंबईच्या वर्सोव्यात २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह या वकिलाने एका वयस्कर शेजाऱ्याला सोबत घेऊन किनारा साफ करायला सुरुवात केली, तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात कचरा परत आला आहे. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांचा गौरव केला. तरी २०१७ च्या नोव्हेंबरात, गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही आणि वर स्वयंसेवकांनाच दमदाटी होते म्हणून, काम थांबवायची वेळ आली होती. ते पुन्हा सुरू झालं. पुढच्या वर्षी, २२ मार्च २०१८ ला, त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली. वर्सोव्याने सुमारे वीस वर्षांत असं काही पाहिलं नव्हतं.

यात योगायोग किती आणि श्रम किती, असा प्रश्न कुणी विचारेल. मादी मागच्या वल्ह्यांनी हात-दीड हात खोल खड्डा करते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं एकमेकांना रेटत वर येतात. त्या वाळूत प्लास्टिकच्या पिशव्यांचे थर दाबलेले असतील तर आधी खड्डाच नीट होत नाही, आणि झाला तरी पिल्लांची वाट अडते. किनारा मोकळा नसता तर ती पिल्लं पाण्यापर्यंत पोचली असती, असं मला तरी वाटत नाही.

या कामाचा आणखी एक उपयोग संदेश लिहिणाऱ्याला दिसलेला नाही. उचललेला कचरा निवडायला बसलं की तो कुठून आला ते कळतं. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, चपला, सॅनिटरी पॅड हा काही किनाऱ्यावर फिरायला आलेल्यांचा कचरा नव्हे, तो नाल्यांतून वाहत येतो. म्हणून तर शाह आणि त्यांचे सोबती पुढे मिठी नदीत उतरले. मुंबईत रोज २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करू शकतील अशा सात नव्या केंद्रांचं काम आज चालू आहे, त्यातलं एक वर्सोव्याचं. ती केंद्रं ठरल्याप्रमाणे चालतात की नाही, यावर लक्ष कोण ठेवणार? ज्यांच्या दारात ते पाणी येतं तेच.

‘समुद्र घाण जिरवतो.’ शेणखत, पालापाचोळा जिरवत असेल. नायलॉनचं जाळं आणि प्लास्टिक तो जिरवत नाही, त्याचे बारीक तुकडे करतो. कोळीवाड्यातलं डोल पाहा. खुंटांना बांधलेलं हे पिशवीसारखं जाळं ओढीच्या तोंडाला उघडं असतं, त्यामुळे पाणी जे आणील ते सगळं आत येतं. आज डोल रिकामं केलं की बोंबील, करंदी, जवळ्याबरोबर प्लास्टिकचा लगदा निघतो. जवळा मुळात नखाएवढा. त्यातून फाटक्या पिशव्यांच्या चिंध्या बोटांनी वेचून काढायच्या, मग तो वाळत घालायचा. हे जादा काम बायांच्या वाट्याला येतं आणि त्याची मजुरी कुणी देत नाही. समुद्र सगळं पोटात घेतो असं म्हणणाऱ्याने एकदा सकाळी तिथे बसावं.

आता ‘कोळ्यांना भरपाई हवी असते’ हा आरोप. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते, कारण वरळीचं उदाहरण ताजं आहे. कोस्टल रोड सी-लिंकला जोडणारा पूल क्लीव्हलँड बंदरासमोरून जाणार होता, जिथून वरळी कोळीवाड्याच्या होड्या समुद्रात जातात. आराखड्यात पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. कागदावर ते भरपूर दिसतं, होडीची रुंदी ती किती. पण नौका रुळावरून चालत नाही. लाट तिला बाजूला ढकलते, वारा फिरवतो, समोरून दुसरी नौका परतत असते आणि इंजिन बंद पडलं तर ती जाते ती थेट खांबावर. वरळीच्या कोळ्यांनी हे परोपरीने सांगितलं. अंतर वाढवा, ही त्यांची मागणी होती. तज्ज्ञांच्या अहवालांनी ६० मीटर पुरेसे ठरवले तरी ते मागे हटले नाहीत. अखेर २०२२ संपता संपता सरकारने एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं.

म्हणजे या माणसांनी मागितली ती धंद्यावर जायची वाट. नुकसान झाल्यावर भरपाई मागणं हा त्यांचा हक्कच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एवढ्या मोठ्या प्रकल्पाच्या आराखड्यातली चूक, रोज त्या पाण्यातून ये-जा करणाऱ्यांनी दाखवून दिली, ही गोष्ट संदेशात कुठेच नाही.

‘भिंत बांधा.’ कोकणात धूप दिसली की दगडी बंधाऱ्याची मागणी होते आणि ती करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वस्तीची चिंचोळी पट्टी. तिथल्या माणसाला घर वाचवायचं असतं आणि ते आज वाचवायचं असतं. पण भिंतीने घर वाचतं, पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, वाचत नाही. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि जिथे भिंत संपते तिथून पुढे शेजारच्या वाडीची धूप वाढते.

पुदुच्चेरीत हे सगळं घडून गेलं आहे. १९८० च्या दशकात बंदराच्या लाटरोधक भिंतींनी उत्तरेकडे सरकणारी वाळू अडवली आणि शहरापुढची पुळण नाहीशी झाली. मग दगड टाकले, तर धूप उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे सरकली. पाँडीकॅन या नागरिकांच्या गटाने किनारा परत मिळवण्याचा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. शेवटी राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली कृत्रिम खडक बसवला, वाळू भरली आणि शहरापुढे पुन्हा पुळण दिसू लागली. रोग वाळू अडण्याचा होता, तर औषधही वाळूचंच हवं होतं. ही बाजू लोकांनी मांडली नसती तर दगडांवर दगड पडत राहिले असते.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘कायदा आहे, सरकार बघेल’. ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण होतंच, तरी कोकणात अंडी उकरून नेली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला २००२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर त्या अंड्यांची टरफलं दिसली, आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात झाली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, त्यामुळे कासव राखण्यात गावाची मिळकतही आहे. मला हे फार योग्य वाटतं. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. कोकणातली वाळू राखणं किती लांबच्या समुद्राशी जोडलेलं आहे, हे त्यावरून कळतं.

कांदळवनांचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीचंही तसंच. २००५ चा उच्च न्यायालयाचा संरक्षणाचा आदेश आला तो नागरिकांच्या संस्थेने याचिका केली म्हणून. राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला तो त्यानंतर, २०१२ मध्ये. शिवाय कायदाही जागचा हलतो. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवरचा ना-विकास पट्टा (भरतीरेषेलगतची बांधकामाला मनाई असलेली जागा) २०० मीटरवरून ५० वर आणला. किनारा आराखड्याच्या जनसुनावणीत आमचा कोळीवाडा, आमची मासे सुकवायची जागा नकाशावर दाखवा, असं सांगायला माणसंच गेली नाहीत, तर ती जागा रिकामी समजली जाते.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराचं नाव घेऊन ‘बघा, शेवटी हरलेच ना’ असंही म्हणतात. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून १९९१ मध्ये जाहीर झाला. तिथल्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला आणि २०२३ मध्ये दुसऱ्या प्रस्तावाला अटी घालून परवानगी दिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं. मला याचं दुःख आहे, ते लपवत नाही. पण मधली पंचवीस वर्षं तिथल्या मच्छीमारांनी त्या पाण्यावर संसार चालवले, ते काहीच नव्हे असं कसं म्हणायचं? आणि काम संपलेलंही नाही. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो सार्वजनिक असतो. आपल्या किनाऱ्यावर बंदर, जेटी, रस्ता, जो कुठला प्रकल्प असेल त्याचा अहवाल मागून घ्या, आणि कागदावरची एकेक अट किनाऱ्यावर उभं राहून ताडून बघा.