ग्रुप टूर, फ्लॉरेन्स आणि राहून गेलेली छत्री

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन युरोप करून आलो, ग्रुप टूरनं, ११ दिवस ७ देश. आल्यापासून रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी जो भेटतो तो एकच विचारतोय, टूरनं जाऊ का आपलं आपण जाऊ. उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. शेंगेन व्हिसाची फाईल म्हणजे बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स, हॉटेलांची बुकिंगं, सगळं त्यांनी लावून दिलं, आम्ही फक्त बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जाऊन आलो. रोज संध्याकाळी वरण-भात, चपाती. पनीर बघून कंटाळा आला हे खरं, पण ७० च्या पुढच्या माणसांना परक्या मुलखात पोटभर जेवण मिळणं ही लई मोठी गोष्ट आहे. आणि स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला, बर्फाच्या डोंगरात ३४५४ मीटरवर, रेल्वेतनं उतरल्या उतरल्या आईला गरगरायला लागलं. टूर मॅनेजर पोरगा बाकीच्यांना बर्फात पाठवून तिच्याजवळ बसून राहिला, घोट घोट गरम पाणी पाजलं, आणि इचलकरंजीच्या एका काकू तिचा हात हातात धरून बसल्या. मी एकटा असतो तर तिथं हातपाय गळाले असते. त्या दोघांचे उपकार विसरणार नाही.

आता फ्लॉरेन्स.

बाबा हायस्कूलला इतिहास शिकवायचे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, इंग्लंड बघून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच वारले. वय जेमतेम विशीचं. तिथल्या लोकांनी कधी न बघितलेलं दहन, त्याला परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार केले. पुढं १८७४ ला त्याच जागी छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा. आराखडा मेजर मँटचा, म्हणजे ज्यानं आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचा आराखडा केला त्याचाच. तिथल्या नदीवरच्या पुलाला आजही इटालियन लोक 'इंदियानो'चा पूल म्हणतात. हे सगळं बाबांनी मला लहानपणी पंचगंगेच्या घाटावर बसून सांगितलेलं, आणि टूरच्या यादीत फ्लॉरेन्स दिसलं तेव्हाच ते म्हणाले, हीच घेऊया.

फ्लॉरेन्सला आम्ही होतो साडेचार तास. टेकडीवरनं फोटो, दुओमो म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या बाहेरनं फोटो, कानात मशीन लावून गाईडच्या मागं पळणं, आणि मग ४० मिनिटं चामड्याच्या दुकानात. पर्स कशी शिवतात ते दाखवत होते. चप्पल लाईनच्या गावातल्या माणसांना. छत्री तिथनं साधारण ५ किलोमीटर, टॅक्सीनं जाऊन दर्शन घेऊन परत यायला तेवढाच वेळ पुरला असता. मी मॅनेजरला बाजूला घेऊन विचारलं, तो म्हणाला, दादा, तुम्ही अडकला तर बस थांबवता येणार नाही, ड्रायव्हरचे तास संपतात. आणि तो खोटं बोलत नव्हता. तिकडं साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास ब्रेक घ्यायलाच लागतो, दिवसाला साधारण ९ तासच चालवायची, सगळं बसमधल्या मशीनवर नोंदलं जातं. मग दुकान तरी गाळा म्हणलं, तर ते कार्यक्रमात लिहिलेलं आहे म्हणाला.

बाबा काही बोलले नाहीत. पासपोर्टच्या पाऊचमध्ये छत्रीच्या फोटोचं पेपरातलं कात्रण घेऊन आलेले, ते दुकानातल्या स्टुलावर बसून काढलं, बघितलं, परत घडी घालून ठेवलं. मला अजून ते आठवलं की त्रास होतो.

माझा राग त्या पोराला नाही, ११ दिवसात ७ देश विकणाऱ्यांना आहे, आणि देश मोजून टूर घेणाऱ्या आपल्यालाही. रोज सकाळी ६ ला उठून बॅग बाहेर ठेवायची, रात्री गावाबाहेरच्या हॉटेलात झोपायला यायचं, पॅरिसला जाऊन लूव्र म्युझियम बाहेरनंच. आई-वडील थकलेले असतील, पहिलीच खेप असेल, तर टूरनंच जावा, मी परत तेच सांगीन. पण बुकिंगच्या आधी किती देश हे विचारू नका, एका गावात किती रात्री आणि मोकळा अर्धा दिवस कुठं आहे का ते विचारा, दुकानं किती आहेत तेही विचारा आणि लेखी घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादी जागा बघायचीच असेल तर ती यादीत आहे का ते पैसे भरायच्या आधी बघा. मी बघितलं नाही, फ्लॉरेन्स लिहिलंय म्हणजे झालं असं धरून चाललो.

पुढच्या वर्षी आम्ही तिघंच जातोय. फक्त इटली, फ्लॉरेन्सला ४ रात्री, व्हिसाची फाईल या वेळी मीच करणार, ती कशी असते ते आता बघितलंय. आईला सकाळी चहा-पोह्याची सोय होईल अशी स्वयंपाकघर असलेली खोली शोधतोय. कोल्हापुरातलं कुणी छत्रीपाशी जाऊन आलं असेल तर सांगा, स्टेशनजवळनं बस मिळते का, आणि उतरल्यावर चालायला किती लागतं, आईचे गुडघे दुखतात.