आईला आज शेलू दाखवून आणलं

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. आईला झोप लागलीय, मला लागत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

शेलू म्हणजे कर्जत लाइनवर वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना सरकार जी ८१ हजार घरं देऊ म्हणतंय, ती इथे आणि वांगणीला. अर्ज अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता. ते २०१७ ला गेले, आता वारस म्हणून आईचं नाव आहे. म्हटलं, कागदावर सही करण्याआधी तिला जागा तरी दाखवावी. ठाण्याहून कर्जत लोकल पकडली, खिडकी मिळाली, आई खूश होती. शेलूला उतरल्यावर तिने डोंगराकडे बघितलं आणि म्हणाली, "हवा चांगली आहे गं." मग थोडं थांबून, "इथनं केईएमला कसं जायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. आईला शुगर आणि बीपी दोन्ही आहे, महिन्याला तिची परळच्या केईएम हॉस्पिटलची फेरी ठरलेली. आता आम्ही कळव्याला राहतो, तिथनंच ती दमते.

परत येताना सगळ्या रस्त्याभर मला अण्णांची ती गोष्ट आठवत होती. २००९ सालची. अण्णा गिरणीच्या साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे तिथे. त्यांची गिरणी पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता आणि त्यांना तो एकदा बघायचा होता. मी सोबत गेले. गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, फ्लॅट नंबर. अण्णांनी नाव लिहिलं आणि फ्लॅट नंबरच्या रकान्यात आपला गिरणीतला तिकीट नंबर लिहिला. वॉचमन म्हणाला, "चाचा, ये नंबर का फ्लॅट नहीं है." अण्णा म्हणाले, "इधरीच था मैं." बस, एवढंच. मग आम्ही परत फिरलो.

मी त्या वॉचमनवर चिडले होते. अण्णा चिडले नाहीत. कारण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, नोकरी गेली, त्यानंतर वीस वर्षं त्यांनीही वॉचमनचीच ड्युटी केली. "त्याचं काम आहे ते," म्हणाले.

पण ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यावर मी आजही चिडलेली आहे.

१९९१ ला नियम होता ना? विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ५८. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. किती सरळ हिशोब होता! २००१ ला तो बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, म्हणजे जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून बाहेर. आता गिरणीत शेडशिवाय असतं काय? साचेखातं, रिंगखातं, गोदाम, सगळं बांधकामच. हायकोर्टाने २००५ ला लोकांच्या बाजूने निकाल दिला होता, पण मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. त्या एका बदलात लालबाग-परळमधली आमची घरं गेली. घराला जमीनच उरली नाही, मग घर कुठून येणार?

आणि आता आम्हालाच सांगतात, मुंबईत जागा नाही. जागा होती. तुम्ही दिलीत ती दुसऱ्यांना.

बरं, मान्य. दीड लाखाच्या आसपास अर्जदार आहेत, सगळ्यांना गिरणगावात घर देता येणार नाही, मलाही कळतं. ज्यांना गावाजवळ, शांत जागी राहायचंय त्यांना शेलू चालेलही. त्यांनी जरूर घ्यावं. पण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात कलम १७ घातलं होतं, की हे घर नाकारलं तर तुमचा हक्कच संपला. सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसांना असं लिहून देतात? ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात ही म्हातारी माणसं पावसाळ्यात येऊन बसली. कुणाला काठी, कुणाला नातवाचा हात. मी ऑफिसमुळे गेले नाही. आई गेली होती.

मे २०२५ मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं. 'माझे घर, माझा अधिकार'. २०३० पर्यंत ३५ लाख घरं. आकडा मोठा आहे, होवोत, सगळ्यांना मिळोत. पण माझं म्हणणं एवढंच आहे की घर कुठे, हे कोण मोजणार? शेलूचं घर मोजलं तर ते एक घर भरतं. लालबागचं मोजलं तरी एकच. आईसाठी ते सारखं आहे का? तिने लालबागला खानावळ चालवली, एका वेळी बावीस डबे. तिची नणंद, तिची भिशी, तिचं भजनी मंडळ, तिचा डॉक्टर सगळं तिथे. गिरणी गेल्यावर खोली सुटली आणि आम्ही कळव्याला आलो. तेव्हा एकदा ती उठली. आता या वयात पुन्हा उठ म्हणायचं, आणखी पुढे जा म्हणायचं.

होत नाही असं नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत राहणाऱ्यांना तिथल्या तिथे ५०० चौरस फुटांचं घर मिळालं. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. टीव्हीवर बघून आई रडली होती, आनंदाने. ती जमीन सरकारची होती म्हणून जमलं, हे खरं. पण मग एनटीसीच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या बंद गिरण्यांची जमीन कुणाची आहे? तीही सरकारी कंपनीचीच ना? तिथे आधी कामगारांची घरं बांधा. मग शेलू, वांगणी, जिथे हवं तिथे बांधा.

२०१२ ला पहिली लॉटरी निघाली तेव्हा ६,९२५ घरं होती. अण्णांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरातच बसायचं होतं, तरी. नंबर लागला नाही. संध्याकाळी शर्ट काढून परत हँगरला लावला, म्हणाले, "पुढच्या वेळी." नंतरच्या लॉटऱ्यांनाही तोच शर्ट.

अण्णांचे कागद आई एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. ईएसआयसीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, गिरणीचा पास. पासवर तोच तिकीट नंबर आहे, जो त्यांनी त्या रजिस्टरमध्ये लिहिला होता. आज शेलूला जातानाही ती पिशवी तिने पर्समध्ये घेतली होती. मी म्हटलं, आज कुणी कागद बघणार नाहीये. म्हणाली, असू दे, तुझे अण्णाही बघतील जागा.

उद्या सकाळी चहा पिताना ती मला विचारणार, काय करायचं गं? गाडीत दोनदा विचारून झालंय. नाही म्हणून टाक असं सांगावं, तर तिच्या हयातीत दुसरं घर मिळेल याची खात्री मी कुठून देऊ? हो म्हण सांगावं, तर केईएमचं काय?

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा अर्ज असेल तर सांगा, तुम्ही काय ठरवलंत.