मान्यता, चिठ्ठी आणि प्री-ऑथ असूनही क्लेम का अडकतो?

सध्या एक मेसेज खूप फिरतो आहे: "यंत्राला सरकारी मान्यता आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय, शस्त्रक्रिया दुर्बिणीतून आहे, म्हणजे विमा कंपनीला पैसे द्यावेच लागतात. प्री-ऑथ (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) आलं की काम झालं." यावर विसंबून लोक शस्त्रक्रियेची तारीख ठरवून बसतात, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

"मान्यता म्हणजे विमा." नाही. यंत्र विकायला परवानगी द्यावी का, हे नियामक बघतो. विमा कंपनी बघते ती याच रुग्णाला त्याची गरज आहे का. अमेरिकेत तर कित्येक यंत्रं आधीच्या यंत्राशी साधर्म्य दाखवून बाजारात येतात. त्यातून उपचाराचा फायदा सिद्ध होतोच असं नाही.

"डॉक्टरांची चिठ्ठी पुरते." बरेच नकार इथेच येतात. शरीरात बसवायच्या डिफिब्रिलेटरचं, म्हणजे हृदयाचे धोकादायक ठोके झटका देऊन सुधारणाऱ्या यंत्राचं बघा. पूर्वी हृदय बंद पडलेलं नसेल, तर विमा कंपन्यांच्या अनेक धोरणांत इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) 35 टक्के किंवा कमी लागतं, हार्ट अटॅक आला असेल तर किमान 40 दिवस उलटलेले लागतात. हा अडवण्यासाठी घातलेला नियम नव्हे. औषधांवर हृदयाची ताकद पुष्कळदा परत येते. त्यामुळे अटॅकनंतर बाराव्या दिवशीचा इको (हृदयाची सोनोग्राफी) जोडला, तर आकडा कितीही कमी असला तरी फाइल परत येते. मुदत उलटल्यावरचा नवा इको आणि औषधांची नावं, डोस, सुरू केल्याच्या तारखा जोडा. पाठदुखीसाठी मणक्यात बसवायच्या स्टिम्युलेटरचंही (सौम्य विद्युत लहरींनी वेदना कमी करणारं यंत्र) तसंच. आधी काही दिवस तात्पुरत्या तारा घालून चाचणी होते आणि वेदना निदान 50 टक्के कमी झाल्याची नोंद मागितली जाते. "रुग्णाला बरं वाटलं" एवढ्यावर भागत नाही. चाचणीपूर्वीचे आणि चाचणीतले वेदनेचे गुण रोज लिहून ठेवा.

"दुर्बिणीतून आहे, म्हणजे कव्हर आहेच." छोटी चीर हा निकष नाही. पद्धत नवी असेल तर ती 'प्रायोगिक' ठरून क्लेम नाकारला जाऊ शकतो. रोबोट वापरला तर बऱ्याचदा मूळ शस्त्रक्रियेचेच पैसे मिळतात, रोबोटचे वेगळे नाहीत.

"प्री-ऑथ म्हणजे हमी." ती मंजुरी ठरावीक प्रक्रियेला, ठरावीक कोडला (बिलात त्या प्रक्रियेसाठी वापरायचा क्रमांक) आणि ठरावीक मुदतीसाठी असते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मध्येच उघडी करावी लागली की कोड बदलतो. रुग्णालयाने ते विमा कंपनीला लगेच कळवायला हवं. यंत्राच्या खोक्यावरचं मॉडेल आणि सिरियल क्रमांकाचं स्टिकर ऑपरेशन नोटला लावलेलं नसेल, तर बिलातल्या यंत्राचा पुरावा उरत नाही. डिस्चार्जआधी ते मागून घ्या.

नकार आलाच तर फोनवर वाद घालू नका. कोणत्या कलमाचा कोणता निकष पूर्ण झाला नाही, हे लेखी मागा. मग सर्जनने नेमक्या त्याच निकषाला उत्तर देणारं पत्र, तारखेच्या अहवालासह, अपिलाची मुदत संपण्याआधी पाठवावं.