टूटूच्या जन्माची ती पोस्ट, आणि एमा लिव्रीवरचा आळ

गेल्या महिन्याभरात एकच पोस्ट मला पाच-सहा गटांवर आली. त्यात लिहिलंय ते असं: बॅलेच्या नर्तकी पूर्वी जमिनीवर लोळणारे जड झगे घालायच्या. 12 मार्च 1832 रोजी पॅरिसमध्ये मारी ताल्योनीने झगा कापून आखूड केला, ती पहिल्यांदा पायाच्या टोकांवर उभी राहिली आणि 'टूटू', म्हणजे बॅलेचा आखूड, फुगीर घागरा, जन्माला आला. तेव्हापासून बॅलेच्या पोशाखाचा आणि फॅशनचा संबंध तुटला. आणि शेवटी एमा लिव्री ही पॅरिसची नर्तकी: हिला सुंदर दिसण्याचा इतका सोस, की आगीपासून वाचवणारा कपडा नाकारून ती जळून मेली. खाली "फॅशनची किंमत" असं वाक्य आणि रडणारे चेहरे.

मी नाटकाचे आणि नाचाचे कपडे शिवते. पोशाखाच्या इतिहासात चुका होतात, त्याचं मला एवढं वाटत नाही. पण शेवटच्या ओळीत एका वीस वर्षांच्या मुलीवर आळ घेतलाय आणि हजारो लोक तो पुढे पाठवताहेत. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी जड झग्यांचं. अठराव्या शतकात कमरेला पिंजरे बांधलेले भरजरी झगे होते, हे खरं. पण मारी कामार्गो या नर्तकीने आपला घागरा घोट्याच्या वर घेतला तो ताल्योनीच्या शंभर वर्षं आधी, पायांची चपळ कामं दिसावीत म्हणून. मारी साले या दुसऱ्या नर्तकीने 1734 मध्ये लंडनला पिंजरा काढून टाकला आणि साध्या मलमलीत, केस मोकळे सोडून नाच केला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तर सगळ्या युरोपातच ग्रीक पुतळ्यांसारखे पातळ, पांढरे मलमली झगे आले. त्या वेडात बंगालच्या मलमलीचा वाटा मोठा होता. नर्तकींनीही तोच कपडा आणि सपाट बूट घेतले. म्हणजे ताल्योनी रंगमंचावर आली तेव्हा तिच्या अंगावरचं ओझं कधीच उतरलेलं होतं.

12 मार्च 1832 ही तारीख बरोबर आहे. त्या दिवशी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फिद' हा बॅले पहिल्यांदा झाला; सिल्फिद म्हणजे हवेतली परी, आणि ती भूमिका ताल्योनीची होती. पण कात्री घेऊन झगा कापणारी नायिका त्या गोष्टीत कुठेच नाही. नाच बसवला तिच्या वडिलांनी, फिलिप्पो ताल्योनींनी. पोशाखाचं श्रेय दिलं जातं चित्रकार अजेन लामीला. आणि पांढऱ्या पोशाखातल्या नर्तकींचा ताफाही नवा नव्हता. चारच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1831 मध्ये, मायरबेअरच्या 'रॉबेर ल दियाब्ल' या ऑपेरात मेलेल्या जोगिणी चांदण्यात थडग्यांतून उठून नाचल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे ताल्योनीच होती.

आता तो झगा बघा. घट्ट चोळी, उघडे खांदे, बारीक कंबर आणि पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा घंटेसारखा घेर. 1830 च्या सुमाराचं पॅरिसमधलं कुठलंही फॅशनचं चित्र शेजारी ठेवा. मेजवानीला निघालेल्या बाईची चोळी तशीच, खांदे तसेच, कंबर तशीच. त्या काळात रस्त्यावरचे झगेसुद्धा घोट्यापर्यंत वर गेले होते, त्यामुळे लांबीतला फरक फार तर वीतभर. सिल्फिदचा पोशाख म्हणजे त्या वर्षाचा मेजवानीचा झगाच, फक्त दागिने काढलेला, पांढरा आणि हलका.

हा हलकेपणा कुठून आला, ते शिवणाऱ्या बाईला जास्त दिसतं. घेर फुगवायला कापड हलकं पण ताठ लागतं. आपण घागऱ्याखाली कॅनकॅन लावतो, तोच हिशेब. हातविणीची जाळी वापरून असे थरावर थर लावणं कुणाला परवडलं नसतं. पण इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने 1809 साली षटकोनी घरांची जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. 1816 मध्ये लफबरोला यंत्रफोड्या कामगारांनी त्याची यंत्रं मोडली, मग त्याने धंदा टिव्हर्टनला हलवला. पुढच्या काही वर्षांत जाळी स्वस्त झाली. तिच्या जोडीला टार्लटन होतं: विरळ विणीचं, खळ देऊन ताठ केलेलं सुती कापड. आणि पॅरिस ऑपेरात 1822 पासून गॅसचे दिवे आले होते. त्या उजेडात पातळ पांढरे थर आतून उजळल्यासारखे दिसतात. टूटूची आई शोधायचीच असेल तर ती गिरणी आणि गॅसबत्ती या दोघींच्या मधे कुठेतरी सापडेल. 'टूटू' हा शब्द तर ताल्योनीच्या सिल्फिदनंतर कितीतरी वर्षांनी रूढ झाला, शतकाच्या उत्तरार्धात. तो लहान मुलांच्या बोलीतल्या 'बूड' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असं मानतात.

टोकांवर उभं राहण्याबद्दल थोडक्यात. ताल्योनीच्या आधी अमालिया ब्रुन्योली 1823 मध्ये व्हिएन्नात टोकांवर नाचत होती. ताल्योनीने ती कसरत वाटू दिली नाही, हे तिचं मोठेपण. तिच्या बुटांना आजच्यासारखी कडक टोपी नव्हती. मऊ साटीनचे बूट, आणि टोकाच्या कडेने रफू केल्यासारखे घट्ट टाके. बाकी जोर पावलांचाच. मी एखादा टाका ढिला घातला की मला हे आठवतं.

फॅशनशी संबंध तुटला म्हणता? ताल्योनीच्या नावाचा पुरुषांचा ओव्हरकोट निघाला होता. इंग्लंडची राजकन्या (पुढे राणी) व्हिक्टोरियाने लहानपणी लाकडी बाहुल्यांना कपडे घातले, त्यांत ताल्योनीच्या भूमिकाही होत्या. फॅनी एल्सलर या नर्तकीने 1836 मध्ये काचुचा हा स्पॅनिश नाच केला तो गुलाबी साटीन आणि काळ्या लेसमध्ये, त्यामुळे सगळं पांढरंच होतं हेही खरं नाही. 1856 च्या सुमाराला बायकांच्या झग्याखाली पोलादी कड्यांचा सांगाडा, म्हणजे क्रिनोलिन, आलं, तसा बॅलेचा घेरही रुंदावला. देगास या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांत तो गुडघ्याशी आलेला दिसतो. पुढे इटालियन नर्तकींच्या अवघड गिरक्यांसाठी तो आणखी आखूड झाला. व्हर्जिनिया झुक्की 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली, तेव्हा तिच्या आखूड घागऱ्याची चर्चा झाली होती. ताटलीसारखा आडवा टूटू, जो त्या पोस्टवर 1832 च्या तारखेखाली छापलाय, तो विसाव्या शतकातला.

आता एमा लिव्री.

1842 चा जन्म. सोळाव्या वर्षी तिने सिल्फिदच्याच भूमिकेत पदार्पण केलं. म्हातारपणाकडे झुकलेली ताल्योनी तिला बघून पॅरिसमध्ये राहिली, तिला शिकवलं आणि 1860 मध्ये तिच्यासाठी 'ल पापियों' हा बॅले बसवला. पापियों म्हणजे फुलपाखरू. त्यात ते फुलपाखरू ज्योतीकडे ओढलं जातं आणि त्याचे पंख जळतात. 15 नोव्हेंबर 1862 ला दुसऱ्याच एका ऑपेराच्या तालमीत, प्रवेशाची वाट बघत असताना तिचा घागरा विंगेतल्या गॅसच्या ज्योतीला लागला. ती रंगमंचावर धावत सुटली. आग विझवेपर्यंत अंग फार भाजलं होतं. आठ महिने ती जगली आणि 26 जुलै 1863 ला गेली.

कपडा नाकारल्याची गोष्ट खोटी नाही, ती मी लपवणार नाही. कार्तेरों नावाच्या माणसाच्या कृतीने कपडे पेट घेऊ नयेत म्हणून रसायनात बुडवून काढत, आणि 1859 मध्ये ते सक्तीचं झालं होतं. एमाने नेहमीच्याच घागऱ्यात नाचेन असं लेखी कळवलं होतं. पण त्या प्रक्रियेने कापड कडक आणि मळकट पडायचं, थर एकमेकांना चिकटल्यासारखे बसायचे. ज्या तरंगण्यासाठी ऑपेराने तिला घेतलं, तिकिटं विकली आणि समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं, ते त्या कडक घागऱ्यात होत नव्हतं. तबलजीला सांगा, सुरक्षित म्हणून रबराच्या पुडीचा तबला घे. तो नको म्हणाला, तर त्याला मिरवायची हौस आहे असं म्हणाल?

आणि विंगेतल्या ज्योती उघड्या ठेवल्या कुणी? लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेबस्टर ही नर्तकी डिसेंबर 1844 मध्ये अशीच जळाली, तीन दिवसांत गेली. फिलाडेल्फियात सप्टेंबर 1861 मध्ये गेल या नर्तकी बहिणी आणि त्यांना वाचवायला धावलेल्या सोबतिणी एकाच रात्री भाजल्या. एमाच्या आधी हे सगळं घडलेलं होतं, वर्तमानपत्रांत आलेलं होतं. त्याच 1861 च्या जुलैत अमेरिकन कवी लाँगफेलोची बायको फॅनी राहत्या घरात झग्याला आग लागून गेली. ती तर नर्तकीही नव्हती. हलकं सुती कापड, मोठा घेर आणि उघडी ज्योत जिथे एकत्र आली, तिथे बायका जळाल्या.

एमाच्या त्या घागऱ्याचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात अजून ठेवलेले आहेत. ज्यांनी पोस्ट पाठवली त्यांना माझी एवढीच विनंती: तारखा दुरुस्त करा किंवा करू नका, पण "सोस" हा शब्द काढा, आणि त्या जागी विंगेतले उघडे दिवे लिहा.