वांग्याले गोधडी

आमच्या विदर्भात थंडीसाठी कोणी सामान जमवून ठेवत नाही. उन्हाळ्याचं विचारा. कूलर आहे, वाळ्याच्या ताट्या आहेत, डोक्याला दुपट्टा आहे, खिशात कांदा आहे. पारा ४५च्या वर गेला तरी आम्ही लग्नाच्या पंगती उठवतो. थंडीचं मात्र घरात एकच स्वेटर असतं, आणि सकाळी जो आधी उठेल त्याचं ते.

त्यामुळे २०१८च्या डिसेंबरात वरुडला चहाच्या टपरीवर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडचा एक ट्रकवाला आभाळाकडे पाहून ‘‘अब पाला गिरेगा’’ म्हणाला, तेव्हा मला बरंच वाटलं. पाला पडणार, म्हणजे खत होणार! मी खुशीत घरी येऊन ही बातमी शेजारच्या काकांना दिली. काकांनी विडी विझवली.

‘‘अरे बाबू, थो पाला नोहे. पहाटी दव गोठते अन् पानावर मिठावानी बसते. दुपारपावतर झाड उकडल्या पालकावानी लोंबते. पलीकडचे लोक त्याले पाला म्हन्तेत.’’

आमचं गाव वरुडपासून जवळच, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरामागच्या सांदवाडीत माझी चौदा भेदरं, नऊ वांगी, चार मिरच्या, एक पपई आणि वाफाभर सांबार. (भेदरं म्हणजे टमाटर आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगून सांगून माझी निम्मी हयात गेली आहे.) भेदरं नुकती लिंबाएवढी झाली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने क्रॉप कव्हर नावाचं पांढरं कापड दाखवलं. हात लावला, तर साडीच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या पांढऱ्या पिशवीची चुलत बहीण. आमच्याकडे हे खरं तर टरबूज आणि पपईवाले नेतात, रोपं लहान असताना पांढऱ्या माशीपासून वाचवायला. ऊन आत जातं, पाणी आत जातं, माशी बाहेर राहते.

‘‘सतरा जीएसएम हाय,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘म्हणजे?’’

‘‘चौरस मीटरभर कापडाचं वजन सतरा ग्रॅम.’’

माझ्या खिशातला रुमाल याहून जड असेल. ज्या थंडीत माणूस दोन गोधड्यांत काकडतो, तिथे सतरा ग्रॅम काय करणार? तरी पपईपुरतं घेतलं. बाकीच्या झाडांना भक्कम काहीतरी पाहिजे, हे मी बसमध्येच ठरवून टाकलं होतं.

भक्कम म्हणजे घरातलं. पहिल्या रात्री दोन जुन्या चादरी गेल्या. दुसऱ्या रात्री सोलापुरी चादर आणि बायकोच्या तीन सुती साड्या. तिसऱ्या रात्री मी पेटीतून आईने शिवलेली गोधडी काढली. त्या गोधडीत माझ्या आजोबांचं धोतर आहे. ती मी मोठ्या वांग्याला गुंडाळली, बुडाशी सुतळीने आवळून गाठ मारली, पपईच्या शेंड्याला पांढऱ्या कापडाची कानटोपी चढवली आणि लांब उभा राहून पाहिलं. सहलीला निघालेल्या शाळेसारखी माझी सांदवाडी रांगेत उभी होती.

बायको दारात आली.

‘‘हे काय करून रायले जी?’’

‘‘थंडी पडणार आहे.’’

‘‘वांग्याले गोधडी अन् मले टावेल? माह्या आंगावर काय वांगे लागत नाई म्हनून?’’

या प्रश्नाला उत्तर नसतं. मी उरलेल्या मिरच्यांकडे वळलो. पण पांघरूण संपलं होतं. तेव्हा आई ओट्यावरून म्हणाली, ‘‘थो कूलर हाय ना जुना, थो ठेव वरून.’’ कूलरचं बूड दोन वर्षांपूर्वीच गंजून गळालं होतं. पंखा आणि मोटर काढून नवऱ्या मुलाच्या पाटासारखा तो आम्ही दोघांनी उचलला आणि मिरच्यांवर ठेवला. चारही मिरच्या आत मावल्या. पंख्याच्या भोकात मी पोतं कोंबलं. संध्याकाळी तिन्ही बाजूंच्या ताट्या बसवायच्या, सकाळी उन्हासाठी काढायच्या. मिरचीला थंडीत कूलरमध्ये बसवणारा माणूस म्हणून गावात माझं नाव झालं. गोधडीची मला शरम वाटत नव्हती, कूलरची मात्र वाटायची.

आता पुढचे चार दिवस सांगतो. उत्तरेचा वारा असा सुटला की दातांचा कडकडाट थांबेना. संध्याकाळी सातला झाकायचं, रात्री अकराला उडालेलं शोधायचं, पहाटे पाचला पुन्हा. एक साडी काकांच्या पपनसावर सापडली. काकूंनी तिची घडी करून परत दिली, पण ज्या नजरेने दिली ती मी विसरलेलो नाही. सकाळी सगळं सोडायचं, दवाने ओलं झालेलं दोरीवर टाकायचं, मग शाळेत जाऊन हजेरीपटावर शिंकायचं. मी शाळेत लिपिक आहे. त्या आठवड्याच्या नोंदींवर अजून डाग आहेत.

एक दिवस उशीर झाला म्हणून सांबारावरचं प्लॅस्टिक न काढताच गेलो. आमचं डिसेंबरचं ऊनही ऊनच असतं. दुपारी येऊन उचललं, तर आतून भातावरचं झाकण काढावं तशी वाफ आली. सांबार शिजला होता. नुसतं मीठ घालायचं बाकी होतं.

मात्र चारही पहाटे पानं जशीच्या तशी हिरवी. मी काकांना म्हणालो, ‘‘पाहा, गोधडीचा गुण!’’ काका काही बोलले नाहीत. विडी पेटवली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वारा पडला. आभाळ कसं धुतल्यासारखं, चांदण्या मोजून घ्याव्यात. अंगाला बरं वाटलं. आणि त्याच संध्याकाळी नाताळाच्या सुट्टीत बायकोचा मोठा भाऊ बायकापोरांसह मोटारीतून उतरला. पाच माणसं. बायको सरळ सांदवाडीत गेली आणि एकेका झाडाच्या अंगावरून पांघरूण ओढून घेऊन आली. मी म्हटलं, राहू दे, आज वारा नाही, थंडीची धारही कमी आहे. वांग्याची गोधडी साळ्याला मिळाली. झोपताना त्याने तिच्यातून एक वांग्याचं पान आणि तीन मुंगळे काढले आणि काही न बोलता ताटलीत ठेवले. मोठ्या घरचा माणूस.

२९ डिसेंबरच्या पहाटे मी मागचं दार उघडलं. कुटाराचा ढीग पांढरा. आईने कुत्र्यासाठी ठेवलेल्या परातीतल्या पाण्यावर पापडाएवढी पातळ काच. भेदराच्या पानावर बोट ठेवलं, तर साखरेसारखं कुरकुरलं. त्याच दिवशी नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले. पण वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, पांढऱ्या झरोक्याच्या पेटीत असतो. माझी भेदरं गुडघ्याएवढी. अशा रात्री जमिनीलगत पारा आणखी खाली जातो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही.

मला ते साळ्याने सांगितलं. तो संत्र्याच्या बागेचा मालक. माझीच गोधडी पांघरून, माझ्याच ओट्यावर, माझ्याच कपातला चहा फुंकत म्हणाला, ‘‘भाऊजी, वारा असला तं हा पाला पडतच नाई. वरची गरम हवा खाली येत रायते. वारा पडला, आभाळ साफ असलं, की जमीन आपली गरमी सरळ आभाळाले देऊन टाकते. ढग असले तं थेच गोधडी.’’

‘‘म्हणजे चार रात्री मी...’’

‘‘फुकट मेहनत. अन् गोधडी काई गरमी देत नाई. आंगातली धरून ठेवते. तुमच्या आंगात गरमी हाय. वांग्याच्या आंगात कोठून येईन? गरमी हाय जमिनीत. दिवसभर ऊन खाते, रातभर सोडते. कापड कसं, तंबूवानी जमिनीपावतर पाहिजे, काठावर माती दाबून. तुमी तं बुडाशीच सुतळी आवळली.’’

पपईची कानटोपी आठवली. उब खालून येत होती आणि मी दार बाहेरून लावून घेतलं होतं.

‘‘अन् थे सतरा जीएसएमचं कापड?’’

‘‘थेच कामाचं. एखाद-दोन अंशाचा फरक पाडते. अन् हलकं, झाड दबत नाई. तुमच्या सोलापुरीनं थे भेदरं अर्धे वाकलेच होते. संध्याकाळी बुडाशी पाणी दिलं तं अजून बरं, ओली जमीन जास्त गरमी धरते.’’

‘‘हे काल रात्री काऊन नाही सांगितलं?’’

‘‘काल तुमी इचारलं कोठं? काल तं गोधडीतले मुंगळे मोजत होतो.’’

दुपारपर्यंत भेदरं काळी पडून लोंबली. पाला गिरला. दोन्ही भाषांतला. मोठं वांगं मान टाकून बसलं. पपईचा शेंडा गेला, भिंतीकडची दोन पानं तेवढी हिरवी राहिली. दिवसभर तापलेल्या भिंतीने त्यांना सांभाळलं असावं. पाहुण्यांना तीन दिवस दोन्ही वेळा हिरव्या भेदराची चटणी होती, तीळ लावून. चौथ्या दिवशी साळ्याला बागेतलं तातडीचं काम आठवलं.

आणि कूलर? ताट्या मी सवयीने लावूनच झोपलो होतो. त्या काढल्या, तर आत चारही मिरच्या ताठ. पानावर पांढऱ्याचा ठिपका नाही. जमिनीला टेकलेला, वरून बंद, चारी बाजूंनी बंद, झाडाला कुठेही न चिकटलेला तंबू आईने पहिल्याच फटक्यात सुचवला होता. मी तिला सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मले तं कोंबड्या येऊ नाई म्हनून वाटलं होतं.’’

पुढे थंडी गेली, संक्रांत झाली, शिमगा झाला. कूलर काढायचं राहून गेलं. मिरच्यांनी पंख्याच्या भोकातून आधी एक फांदी बाहेर काढली, मग चार. ताट्यांच्या जागी आता पानंच पानं आहेत. रोज ओंजळभर मिरच्या निघतात. गेल्या आठवड्यात पारा ४२वर गेला. बायको म्हणते, वरुडच्या वेल्डिंगवाल्याकडून नवं बूड बसवून आणा, रात्री झोप नाही. आई म्हणते, मिरचीच्या एका फांदीला हात लावलास तर बघ.

मी सध्या ओट्यावर झोपतो.